जांभळ्या खुणा

ज्या माणसाने आयुष्यात तीन मिक्सर, एक रेडिओ आणि सासऱ्यांचं भिंतीवरचं घड्याळ उघडलं, आणि त्यातलं एकही पुन्हा धड मिटू दिलं नाही, त्याला सगळी गल्ली ‘संशोधक’ म्हणायची यात नवल नव्हतं. नवल एवढंच की त्यांना स्वतःला हा गौरव वाटायचा. पाण्याचे मीटर वाचायच्या नोकरीतून निवृत्त होऊन त्यांना दोन वर्षं झाली होती आणि घरात उघडण्यासारखं आता फारसं काही उरलं नव्हतं. म्हणून शनिवारी सकाळी आठ वाजता त्यांनी गाडी उघडली.

त्यांच्या बायकोला गल्ली टेलरबाई म्हणायची. पुढच्या खोलीत खिडकीशी त्यांचं शिलाई मशीन होतं आणि खिडकीतून गाडी लावायची जागा सरळ दिसायची. त्या सकाळी टेलरबाई मशीनवर बसल्या होत्या खऱ्या, पण जीव सगळा बाहेर. कारण दुसऱ्या दिवशी, रविवारी, ती गाडी त्यांना हवी होती.

त्याचं असं झालं होतं की वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी टेलरबाईंनी लायसन्स काढलं होतं. पहिल्या परीक्षेत त्यांनी मैदानातला एक खांब आडवा केला, दुसऱ्या परीक्षेत सगळे उभे ठेवले. लायसन्स हातात येऊन नऊ दिवस झाले होते. त्यांची थोरली बहीण अडीच तासांवरच्या गावात राहायची. तिला फोनवर ही बातमी सांगितली तेव्हा ती आधी पोटभर हसली आणि मग म्हणाली, “तू? गाडी? अगं, रस्ता ओलांडताना अजून माझा हात धरतेस तू!”

टेलरबाईंनी फोन ठेवला तो मनाशी पक्कं ठरवूनच. रविवारी ताईकडे जेवायला जायचं. एकटीने. गाडी ताईच्या फाटकातून थेट आत घालायची, आणि ताई पायरीवर आ वासून उभी असायला हवी. माणसं याहून मोठ्या इच्छा धरतात, पण इतक्या मनापासून क्वचितच.

आणि शुक्रवारी संध्याकाळी संशोधकांनी चेहरा पाडून जाहीर केलं, “गाडीचा टायमिंग बेल्ट बदलायला हवा. लांबच्या रस्त्यावर तुटला तर कारभार आटोपला. तुझ्या भावानेच सांगितलंय.”

भाऊ म्हणजे टेलरबाईंचा धाकटा भाऊ. त्याचं स्वतःचं गॅरेज होतं.

“मग त्याच्याकडेच नेऊ या की,” टेलरबाई म्हणाल्या. “अर्ध्या दिवसात देईल करून.”

“तो?” संशोधकांनी मान झटकली. “भिंतीवरच्या घड्याळाच्या वेळी भर पाहुण्यांत हसला होता मला. तो माझ्या गाडीला बोटसुद्धा लावणार नाही. नवा बेल्ट आणलाय मी. व्हिडिओ तीनदा बघितलाय.”

तर शनिवारी सकाळी दहाच्या सुमाराला टेलरबाई चहा घेऊन बाहेर आल्या. बॅटरीची तार सुटी होती, इंजिनाखाली जॅक होता आणि बाजूचं प्लास्टिकचं झाकण निघालेलं होतं. स्क्रू मात्र ओळीने ताटलीत मांडलेले होते. मीटर वाचणाऱ्या माणसाची शिस्त त्यांच्यात होती, ती नाकारून चालणार नाही.

“हा बघ,” संशोधक खुशीत म्हणाले. “रबराचा बेल्ट, आतून दाते. खालच्या चाकाच्या तालावर पिस्टन वरखाली होतात, वरच्या चाकाच्या तालावर व्हॉल्व्ह उघडतात-मिटतात. दोघांचा मेळ हा बेल्ट ठेवतो. एक दाता इकडचा तिकडे झाला की—”

“की काय?”

“की मेळ जातो.” त्यापुढचा व्हिडिओ त्यांनी बहुतेक पुढे पळवला असावा. “म्हणून बेल्ट काढायच्या आधी खुणा करायच्या. चाकावर एक, मागच्या धातूवर एक, अगदी समोरासमोर. नवा बेल्ट चढवताना खुणा जुळवल्या की काम फत्ते.”

“कंपनीने केलेल्या नसतात का?”

“असतील कुठेतरी मळाखाली. कंपनीच्या खुणेवर विसंबायचं नसतं. आपली खूण आपण करायची.”

असं म्हणून त्यांनी खिशातून पेन काढलं. जांभळं. टेलरबाईंचं.

आता हे पेन कापडावर खुणा करायचं होतं आणि त्याची खुबी अशी की शाई हवेने आपोआप उडून जायची. सकाळी मारलेली रेघ दुपारच्या जेवणापर्यंत गायब. कपडा गिऱ्हाइकाच्या अंगावर चढेपर्यंत खुणेचा मागमूस राहायला नको म्हणूनच टेलरबाई ते वापरायच्या.

“अहो, ते पेन—”

“श्श! मध्ये बोलू नकोस. इथे केसाचाही फरक चालत नाही. तू तुझं शिवण बघ, यातलं तुला कळायचं नाही.”

टेलरबाईंनी उघडलेलं तोंड मिटलं. संशोधकांनी जीभ दाताखाली धरून चार सुबक जांभळ्या रेघा मारल्या.

तरीही त्यांनी अर्ध्या तासाने सांगून टाकलं असतं. बाई मनाने वाईट नव्हत्या. पण आत आल्यावर त्यांनी बाही कापायला घेतली आणि खिळ्यावर मोठी कात्री नव्हती. त्या कात्रीने साधा कागदही कापायचा नाही, ही लग्नानंतर त्यांनी नवऱ्याला घातलेली एकुलती एक अट. त्यांनी खिडकीतून पाहिलं. जुना बेल्ट निघत नव्हता, म्हणून संशोधक दोन्ही हातांनी तो कापत होते. मोठ्या कात्रीने. करकर करकर.

“बरं,” टेलरबाई अगदी हळू आवाजात म्हणाल्या. “मग बघू खुणा किती टिकतात ते.”

त्या दिवशी शेजारणींनी मशीनच्या जोडीला गुणगुणणंही ऐकलं.

दुपारी जेवून संशोधक ‘पाच मिनिटं’ आडवे झाले ते तीन वाजता उठले. टेलरबाईंनी पडद्याची कड चिमटीत धरून ठेवली होती. संशोधक इंजिनापाशी वाकले. सरळ झाले. चष्मा पुसला आणि पुन्हा वाकले. मग टॉर्च आणला. मग गाडीच्या दुसऱ्या बाजूला जाऊन पाहिलं, जणू खुणा पाय मोकळे करायला तिकडे गेल्या असाव्यात. टेलरबाईंनी पदर तोंडात कोंबला.

संशोधक दारात आले. “तू इंजिनाला हात लावलास?”

“मी? मला कुठे त्यातलं कळतं?”

“फडक्याने पुसलंस काही?”

“जेवणानंतर इथून हललेसुद्धा नाही मी.” आणि हे अक्षरशः खरं होतं.

संशोधक परत फिरले. गाडीशेजारच्या स्टुलावर ते हात मांडीवर ठेवून बसले आणि पुष्कळ वेळ काहीच उघडेनात. एवढं मोठं इंजिन समोर वासलेलं असताना त्यांनी नुसतं बसावं, हे काही टेलरबाईंना बघवेना. पुरे झाली गंमत, असं म्हणत त्यांनी आतल्या खोलीतून भावाला फोन लावला आणि सगळी हकिकत सांगितली. पेन, श्श, कात्री, सगळी. भाऊ इतका हसला की त्याला ठसका लागला. मग एकदम त्याचा आवाज बदलला.

“त्यांनी अंदाजाने बेल्ट चढवून चावी फिरवली नाही ना?”

“अजून नाही. का रे?”

“फिरवू देऊ नकोस! मेळ चुकलेला असला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतील. एका क्षणात वाकतील. मग सगळं इंजिन उघडायचं, दोन आठवडे गाडी विसरायची.”

टेलरबाईंच्या डोळ्यांपुढून ताईचं फाटक, पायरी आणि आ वासलेली ताई अशी ओळीने नाहीशी झाली.

“पण दाजींना ही अवदसा आत्ताच कशी आठवली?” भाऊ म्हणत होता. “मी तर परवा सांगितलं होतं त्यांना, बेल्टला अजून वर्षभर काही होत नाही. म्हटलं, बिनधास्त जाऊ द्या तिला.”

“काय म्हणालास? पुन्हा म्हण.”

भावाने पुन्हा म्हटलं. टेलरबाईंनी फोन ठेवला आणि पलंगाच्या कडेवर टेकल्या. लबाड! गाडी रविवारी जागेवरून हलू नये म्हणून उघडली होती तर. आणि आपण काय केलं? तोंड मिटून बसलो आणि त्या लबाडीला वर आपलंच पेन वापरू दिलं. नवऱ्याचा राग आला तेवढाच स्वतःचाही आला, आणि कुठला आधी काढावा ते ठरेना.

त्या बाहेर आल्या.

“उद्याचं काही खरं नाही,” संशोधक त्यांच्याकडे न बघता म्हणाले. “एक भाग मिळत नाहीये.”

“कुठला?”

“असतो एक. बारीक.”

“मग भाऊला बोलावते. त्याच्याकडे असेल.”

नवऱ्याला जरा चिमटा काढावा, म्हणजे खरं काय ते बोलतील, एवढाच त्यांचा बेत. पण संशोधक स्टुलावरून ताडकन उठले. “काही गरज नाही! झालंच आहे जवळजवळ. अर्ध्या तासात सुरू करून दाखवतो!” आणि नवा बेल्ट उचलून, एक डोळा मिटून, मान तिरकी करून, त्यांनी तो चक्क नजरेच्या अंदाजाने चाकांवर चढवायला सुरुवात केली.

आता ‘थांबा’ म्हटलं असतं तर माणूस आणखी पेटला असता. चाळीस वर्षांचा अनुभव होता. टेलरबाईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि ताटलीशेजारचा दहा नंबरचा पाना गुपचूप उचलून साडीवर बांधलेल्या ॲप्रनच्या खिशात सोडला. बॅटरीची तार त्या पान्याशिवाय बसणार नव्हती, आणि तार बसल्याशिवाय चावी फिरवून उपयोग नव्हता.

थोड्या वेळाने संशोधक हात पुसत म्हणाले, “दहाचा पाना बघितलास?”

“नाही बाई.”

त्यांनी गाडीखाली शोधला, डिकीत शोधला, स्वतःचे चारही खिसे उलटे केले.

“अहो,” टेलरबाई खिशातल्या पान्यावर हात ठेवून म्हणाल्या, “पाना सापडेपर्यंत एक सांगा. मशीनची सुई नि तिच्याखालचं दोऱ्याचं शटल नव्याने बसवलं की मी पहिल्यांदा काय करते?”

“मला काय माहीत?”

“चाळीस वर्षं समोर बसून पेपर वाचताय! आधी चाक हाताने फिरवते मी. पुरता फेरा. सुई शटलला लागत नाही ना ते बघते, मगच पेडलवर पाय. हाताला कळतं नि हात थांबतो. मोटरला काही कळत नाही, ती सुई मोडूनच थांबते.”

संशोधकांनी चाकांकडे पाहिलं. व्हिडिओत एक माणूस खालच्या चाकाच्या बोल्टला मोठा पाना लावून हळूहळू दोन फेरे फिरवत होता, ते त्यांना आठवलं असावं. तो भागही त्यांनी पुढे पळवला होता.

“करायचंच असतं ते,” ते म्हणाले. “आता करणारच होतो.”

मोठा पाना लागला. पाव फेरा गेला. अर्ध्याच्या जवळ आला. मग आतून आवाज आला, टक. पाना जागीच थांबला. संशोधकांनी पाय रोवले आणि अंगाचा भार टाकायला ते पुढे झुकले.

“जोर लावू नका!” टेलरबाई एवढ्या मोठ्याने ओरडल्या की पलीकडची एक खिडकी उघडली. “लागली सुई शटलला!”

संशोधकांनी पाना सोडला. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. ते स्टुलावर बसले.

“अंदाजाने बसवला होता मी,” ते म्हणाले.

“माहीत आहे.”

“खुणा गेल्या माझ्या.”

“तेही माहीत आहे. ते पेन उडणारं आहे.”

“कळलं मला साडेतीनला. टोपणावर लिहिलंय, मुंगीएवढ्या अक्षरांत.”

“मग मला विचारलं का नाही?”

“कुठल्या तोंडाने विचारू?” त्यांनी मान वर केली. “पण तू? तू सांगितलं का नाहीस?”

“सांगत होते, तर श्श केलंत. आणि मग कात्री.”

संशोधकांनी मान पुन्हा खाली घातली. कात्री तिथेच बॉनेटवर पडली होती, पात्यांना काळे धागे चिकटलेले.

“आता तुमचं बोला,” टेलरबाई म्हणाल्या. “भाऊला फोन केला होता मी.”

संशोधकांनी हातातल्या फडक्याची घडी घातली. मोडली. पुन्हा घातली.

“वर्षभर काही होत नव्हतं म्हणे बेल्टला.”

“भीती वाटते मला,” संशोधक एकदम म्हणाले. “दुसरं काय असणार? तुझ्या मशीनचा आवाज येत असला की मला बरं वाटतं. तू आहेस आत, एवढं कळत असतं. उद्या अडीच तास तू रस्त्यावर आणि मी इथे. काय करू मी तेवढा वेळ?”

टेलरबाईंच्या जिभेवर चांगली चार-पाच उत्तरं तयार होती. दुपारपासून त्यांनी ती धार लावून ठेवली होती. त्यातलं एकही बाहेर आलं नाही. हा माणूस चाळीस वर्षं पेपर वाचत नव्हता, मशीन ऐकत होता, हे त्यांना आज कळत होतं.

“मलाही वाटते भीती,” त्या म्हणाल्या. “पण मला जायचंय.”

मग संशोधकांनी पाना उचलला आणि बेल्ट सैल करायला घेतला.

टेलरबाई आतून मशीनमधला कचरा झाडायचा बारीक ब्रश, तेलाची छोटी बाटली आणि सुती चिंधी घेऊन आल्या. “बाही खांद्याला जोडताना कापडाला आधीच खाचा पाडलेल्या असतात,” त्या म्हणाल्या. “खाचेला खाच लावायची, डोकं चालवायचं नाही. इथेही कुणीतरी पाडल्या असतील. तुम्ही टॉर्च धरा.”

वरच्या चाकावर मळाखाली एक खोलगट ठिपका निघाला, मोहरीएवढा. त्याच्या मागे धातूत एक खाच. खालच्या चाकाला तसाच ठिपका, तशीच खाच.

“इथेच होत्या की,” संशोधक म्हणाले.

“इथेच होत्या.”

संशोधकांनी दोन्ही चाकं हळू हळू, जराही न दामटता फिरवून प्रत्येक ठिपका आपापल्या खाचेसमोर आणला. बेल्ट चढवला, ताण देणारं छोटं चाक घट्ट केलं. मग मोठा पाना त्यांनी बायकोपुढे धरला. “तूच फिरव. तुझ्या हाताला कळतं.”

टेलरबाईंनी फिरवला. पाव, अर्धा, पुरता एक फेरा, कुठेही टक नाही. पण वरचा ठिपका पाहिला तर तो भलतीकडेच, तळाशी.

“गेला!” त्या दचकल्या.

“नाही, नाही. बरोबर आहे.” संशोधकांचा आवाज आता शिकवण्याचा नव्हता, सांगण्याचा होता. “खालच्या चाकाला दाते निम्मे. ते दोनदा फिरतं तेव्हा वरचं एकदा. म्हणून दोन फेरे बघायचे. अजून एक फिरव.”

त्यांनी अजून एक फिरवला. दोन्ही ठिपके आपापल्या खाचेसमोर येऊन उभे राहिले. संशोधकांनी बायकोच्या खांद्यावर तेलकट हात ठेवला आणि टेलरबाईंनी तो ठेवू दिला. मग त्यांनी ॲप्रनमधून दहाचा पाना काढून पुढे केला. संशोधकांनी पान्याकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं आणि मुकाट्याने बॅटरीची तार बसवली. सूर्य मावळायला अवकाश होता तेव्हा गाडी पहिल्या चावीला सुरू झाली. चावी टेलरबाईंनी फिरवली.

रविवारी सकाळी नऊ वाजता गाडीत बसण्याआधी टेलरबाईंनी जांभळं पेन काढलं, नवऱ्याचा डावा हात धरला आणि मनगटावर एक आडवी रेघ मारली.

“ही तीन तासांत उडते. ती उडायच्या आत माझा फोन येईल. नाही आला तर भाऊला घेऊन निघा. आणि तोपर्यंत काही उघडू नका.”

वाटेत एका चौकात गाडी दोनदा बंद पडली आणि मागच्या ट्रकवाल्याने टेलरबाईंच्या वयाचा मान न राखता भोंगा वाजवला. एका वळणावर त्यांनी इतका जोरात श्वास रोखला की पुढे बराच वेळ सोडायचा राहिलाच. पण पावणेबारा वाजता ताईच्या फाटकातून गाडी आत गेली, आणि ताई पायरीवर हातात पळी घेऊन अगदी ठरल्याप्रमाणे आ वासून उभी राहिली. डावा आरसा फाटकाला किंचित घासला, हे ताई अजून सगळ्यांना सांगते. आपण सांगायचं काही कारण नाही.

टेलरबाईंनी गाडीत बसूनच फोन लावला. पहिली घंटा पुरती वाजायच्या आत तिकडून उचलला गेला.

“पोचले. रेघ आहे?”

“आहे,” संशोधक म्हणाले. “अगदी ठसठशीत आहे.”

पावणेतीन तास झाल्यावर ठसठशीत? टेलरबाईंना जरा नवल वाटलं, पण तेवढ्यात ताई गाडीभोवती चक्कर मारायला आली आणि ते राहून गेलं.

उजेड असतानाच त्या घरी परतल्या. संशोधक गाडी लावायच्या जागेवरच स्टूल टाकून बसले होते. घरातली एकही वस्तू उघडलेली नव्हती. मोठी कात्री धार लावून, पुसून खिळ्यावर टांगलेली होती. आत आल्यावर संशोधकांनी चावी घ्यायला हात पुढे केला आणि टेलरबाईंना मनगटावर ती रेघ दिसली. जशीच्या तशी.

त्यांनी हात धरून खिडकीच्या उजेडात नेला आणि डोळे बारीक करून पाहिलं. रेघ निळी होती. साध्या बॉलपेनाची, एकावर एक चार-पाच वेळा गिरवलेली. दाबून दाबून कातडी लाल झाली होती.

“हे काय केलंत?”

“कंपनीच्या खुणेवर विसंबायचं नसतं,” संशोधक दुसरीकडे बघत म्हणाले. “आपली खूण आपण करायची.”